अंगणातील गांधीलमाशी : ओळख, अंतर आणि वेळ

वार्षिक अहवालात जमाखर्चाचा ताळेबंद, वर्षभरातील उपक्रमांचा आढावा आणि देणगीदारांची नामावली असतेच. त्यासोबत परिसरातील कुटुंबांना घरी उपयोगी पडेल अशा एखाद्या विषयाची सविस्तर माहिती द्यावी, असाही आमचा प्रयत्न असतो. यंदा आम्ही निवडलेला विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परसात किंवा अंगणाच्या कडेला जमिनीत घर करणाऱ्या मोठ्या गांधीलमाश्या हा तो विषय आहे. मोठ्या आजारांविषयी लिहिणे सोडून एका माशीसाठी एवढी पाने का, असा प्रश्न विश्वस्तांना आणि हितचिंतकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, या बाबतीत घरातील माणसांचे ज्ञान आणि रुग्णालयाची तयारी या दोन्ही गोष्टींना थोडाच खर्च येतो. मात्र त्यांपैकी एकीचाही अभाव एखाद्या धडधाकट माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

हा परिसर आणि ही माशी

मोरा हे उरण तालुक्यातील जुने बंदर आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याकडे जाणारी लाँच येथूनच सुटते आणि समोर घारापुरीचे बेट दिसते. गेल्या काही दशकांत या भागाचे रूप पालटले. 1989 साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि पाठोपाठ गोदामे, रुंद रस्ते व नवी वसाहत आली. तरीही गावठाणातील घरांमागे परस आहे, परसात नारळ, आंबा, शेवगा आहे, कडेला शेणखताचा खड्डा व पेंढ्याची गंजी आहे आणि पलीकडे भाताची खाचरे व मिठागरे अजून काही प्रमाणात टिकून आहेत. जुने कुंपण, दगडी जोत्यातील भेगा, वाळून पोकळ झालेले बुंधे, उंदरांनी सोडलेली बिळे आणि ओसाड वारुळे ही सारी गांधीलमाश्यांना राहण्याजोगी ठिकाणे होत.

पावसाळ्याच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या महिन्यांत या माश्यांची संख्या सर्वाधिक वाढलेली असते. नेमका हाच काळ भातकापणीचा, गवत काढण्याचा, दसरा-दिवाळीपूर्वी परस साफ करण्याचा आणि मुलांच्या सुट्टीचा असतो. माणूस आणि माशी यांची गाठ पडते ती बहुधा याच दिवसांत. कोयता, फावडे किंवा कुदळ नकळत बिळाच्या तोंडाशी पडते आणि पुढचा प्रसंग ओढवतो.

दोन अगदी निराळ्या माश्या

जमिनीतल्या भोकात शिरणारी मोठी माशी दिसली की, ‘गांधीलमाश्यांचे पोळे झाले’ असे आपण सरसकट म्हणतो. येथेच पहिली गफलत होते. जमिनीत घर करणाऱ्या मोठ्या माश्यांचे दोन वर्ग आहेत आणि त्यांच्याशी वागण्याची रीतही दोन प्रकारची आहे.

पहिला वर्ग एकट्या राहणाऱ्या माश्यांचा. यांना राणी नसते, कामकरी नसतात, वसाहत नसते. प्रत्येक मादी स्वतःचे बीळ स्वतः खणते. मोकळ्या, कोरड्या, ऊन लागणाऱ्या मातीत पायांनी भराभर माती मागे उडवणारी, लांब पायांची आणि बारीक कमरेची माशी अनेकांनी पाहिली असेल. ती नाकतोडा किंवा रातकिडा पकडते, नांगीने त्याला लुळा करते, ओढत बिळात नेते, त्याच्यावर अंडे घालते आणि बीळ बुजवून निघून जाते. काही जाती याच रीतीने कोळी पकडतात. याच वर्गात धिप्पाड, केसाळ, काळ्या रंगाच्या आणि निळसर झाक असलेल्या पंखांच्या माश्याही येतात. शेणखताच्या खड्ड्यावरून त्या जमिनीलगत घिरट्या घालताना दिसतात. त्यांचे आकारमान पाहून माणूस दचकतो. परंतु त्या खतात शिरतात त्या भुंगेऱ्यांच्या अळ्या शोधण्यासाठी. नारळाचा कोवळा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा याच खतात वाढतो, हे कोकणातील बागायतदारास सांगावयास नको. या माश्यांच्या पिलांचे अन्न म्हणजे अशाच अळ्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॉरिशस बेटावर उसाच्या मुळांशी वाढणाऱ्या अशाच भुंगेऱ्यांना आवर घालण्यासाठी या कुळातील एक माशी मादागास्करहून मुद्दाम आणून सोडण्यात आली होती.

एकटी माशी घराचे रक्षण करण्यासाठी माणसाच्या अंगावर धावून येत नाही. तिची नांगी शिकारीसाठी असते. हाताने दाबली गेली किंवा अनवाणी पायाखाली आली, तरच ती डंख मारते. सर्वच गांधीलमाश्यांत नांगी फक्त मादीला असते, कारण नांगी हे मूळच्या अंडी घालण्याच्या अवयवाचेच बदललेले रूप आहे. जमिनीलगत गरगर फिरून धाक दाखवणारे अनेक नर तर डंख मारूच शकत नाहीत.

दुसरा वर्ग वसाहत करून राहणाऱ्या गांधीलमाश्यांचा. आपल्या भागात जमिनीत किंवा पोकळ जागी पोळे करणारी मोठी जात म्हणजे शास्त्रीय भाषेत व्हेस्पा ट्रॉपिका. अंग काळे, पोटाच्या पुढील भागावर पिवळसर-नारिंगी रुंद पट्टा आणि लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर, ही तिची खूण. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक जात आपले पोळे बहुधा झाडाझुडपांवर उघड्यावर बांधते. व्हेस्पा ट्रॉपिकाचे पोळे मात्र डोळ्यांआड असते. लाकडाचे तंतू चावून, लाळेत कालवून केलेल्या कागदासारख्या पदार्थाचे मजले एकाखाली एक लटकलेले असतात. जमिनीवर दिसते ते केवळ एक भोक. म्हणूनच ते अधिक धोक्याचे.

दोहोंतील फरक ओळखण्यासाठी शास्त्राचे पुस्तक लागत नाही. दिवसा, ऊन असताना, पंधरा-वीस पावलांवरून पाच-दहा मिनिटे शांतपणे पाहावे. एका भोकातून एकामागून एक माश्या बाहेर पडत असतील व परतत असतील, तोंडाशी एक-दोन माश्या पहारा दिल्यासारख्या बसलेल्या असतील, तर ते वसाहतीचे पोळे आहे. उलट एकच माशी येऊन जात असेल, भोकाशी ताज्या मातीचा लहानसा ढिगारा असेल, आणि अशी अनेक भोके असली तरी प्रत्येकाची मालकीण वेगळी दिसत असेल, तर ती एकटी राहणारी माशी आहे. भोकाजवळ वाकून पाहणे, काडी घालणे, पाणी ओतून बघणे किंवा मोबाईलने जवळून छायाचित्र काढणे हे ओळखीचे मार्ग नव्हेत.

एकट्या माशीला तिच्या वाटेने जाऊ द्यावे

पहिल्या वर्गातील माशीसाठी आमचा सल्ला एका वाक्याचा आहे : तिला मारू नये. तिचे काम काही आठवड्यांत संपते. तोवर लहान मुलांना त्या जागी अनवाणी खेळू देऊ नये आणि खतात हात घालण्यापूर्वी फावड्याने खत उलथावे. वाटेवरच बिळे होत असतील तर हंगाम संपल्यावर ती जागा ओली व झाकलेली ठेवावी. गवत, वेल, पालापाचोळ्याचे आच्छादन किंवा फरशी यांपैकी काहीही चालेल. कोरडी, उघडी माती मिळाली नाही की माशी दुसरीकडे जाते. विषारी पूड टाकून आपण माशी मारतो, आणि तिच्यासोबत त्याच मातीत चरणाऱ्या कोंबड्यांना व खेळणाऱ्या मुलांना विषाच्या संपर्कात आणतो.

पोळे चवताळते का?

वसाहतीच्या गांधीलमाश्या स्वभावाने भांडखोर नसतात. फुलांवर, पिकलेल्या फळांवर किंवा ताडीच्या मडक्याभोवती दिसणारी माशी आपल्या कामात असते. व्हेस्पा ट्रॉपिका तर लहान गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर धाड घालून त्यांच्या अळ्या पळवते. ही शिकारीण माणसाशी वैर धरते ते केवळ पोळ्याजवळ. पोळ्यात अळ्या असतात, आणि त्यांचे रक्षण हे कामकरी माश्यांचे कर्तव्य असते. जमिनीला बसणारा हादरा, बिळाच्या तोंडावर पडलेली सावली, धूर किंवा श्वास यांपैकी काहीही त्यांना इशाऱ्यादाखल पुरते. एका माशीने डंख मारला की विषासोबत सुटणाऱ्या गंधाने इतर माश्या बोलावल्या जातात. गांधीलमाशीच्या नांगीला मधमाशीसारखे मोठे काटे नसल्याने ती त्वचेत अडकून तुटत नाही. त्यामुळे एकच माशी अनेकदा डंख मारू शकते. आग्या मोहोळाच्या माशीचा काटा कातडीत राहतो आणि ती मरते. गांधीलमाशीचे तसे नाही.

पोळे आढळल्यास

रॉकेल किंवा पेट्रोल ओतून काडी लावणे हा गावोगावचा परिचित उपाय आहे. तो करू नये. बिळाला दुसरे तोंड असू शकते आणि माश्या मागून येतात. पेटलेले इंधन पेंढ्याच्या गंजीला किंवा कपड्यांना लागते. मुरलेले रॉकेल परसातील विहिरीच्या पाण्यात उतरते. भाजलेला आणि डंखलेला असा दुहेरी रुग्ण वाचवणे हे कोणत्याही रुग्णालयास कठीण असते. तोंड दगडाने बुजवणे, धुरी देणे, रात्री विजेरीचा झोत टाकून पाहणे हेही तितकेच अविचाराचे होय. प्रकाशाच्या रोखाने माश्या रात्रीही येतात.

करावयाचे ते असे. जागेभोवती किमान दहा मीटर अंतरावर दोरी बांधावी आणि घरातील सर्वांना, शेजाऱ्यांना, दूधवाल्यालाही ते ठिकाण दाखवून ठेवावे. तेथे गवत कापणे, लाकूड फोडणे, धान्य कांडणे थांबवावे. बांधलेली गुरे, शेळ्या आणि कुत्रा दुसरीकडे हलवावा, कारण दाव्याला बांधलेल्या जनावराला पळता येत नाही. पोळे वहिवाटीपासून दूर असेल तर ते तसेच सोडून द्यावे. वसाहत कायमची नसते. नव्या राण्या बाहेर पडल्यावर ती ओसरते आणि जुने पोळे सहसा पुन्हा वापरले जात नाही. पोळे दारात, पायवाटेवर, शाळेच्या आवारात किंवा नळाजवळ असेल तर मात्र ते काढणे आवश्यक ठरते. त्यासाठी नगरपरिषद, ग्रामपंचायत किंवा अग्निशमन दलाशी संपर्क साधावा, अथवा संरक्षक पोशाख असलेल्या जाणत्या कीटकनियंत्रकास बोलवावे. हे काम अंधार पडल्यावर, सर्व माश्या आत असताना, योग्य कीटकनाशक पुडीने करतात आणि माश्या मेल्याची खात्री झाल्यावर पोळे खणून काढून खड्डा मातीने भरतात. घोंगडी पांघरून स्वतःच हे धाडस करणाऱ्या घरच्या कर्त्या पुरुषास घरातील वडीलधाऱ्यांनी वेळीच अडवावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

माश्यांनी घेरलेच तर जागीच हात झटकत उभे राहू नये. डोके व चेहरा कापडाने झाकून सरळ धावावे आणि घरात, रिक्षात किंवा कोणत्याही बंद जागी शिरावे. लहान मुलाला उचलून न्यावे. विहिरीत किंवा तळ्यात उडी घेऊ नये. माश्या पाण्यावर घिरट्या घालत राहतात आणि घाबरलेला माणूस बुडतो.

विष शरीरात काय करते?

डंखाचे परिणाम तीन पायऱ्यांनी समजून घेतल्यास घाबरगुंडी आणि बेफिकिरी दोन्ही टळतात.

पहिली पायरी स्थानिक परिणामांची. आग, लाली, सूज आणि खाज. काहींना ही सूज दहा सेंटिमीटरहून मोठी होते आणि काही दिवस टिकते. ती त्रासदायक असते, पण जिवावर बेतत नाही. अपवाद तोंडाच्या किंवा घशाच्या आतील डंखाचा. ताडी, सरबत किंवा फळासोबत माशी तोंडात गेल्यास आतील सूज श्वासमार्ग अडवू शकते. असा रुग्ण त्वरित आणावा.

दुसरी पायरी तीव्र ॲलर्जीची, म्हणजेच ॲनाफिलॅक्सिसची. येथे विषाच्या मात्रेपेक्षा रुग्णाच्या शरीराची प्रतिक्रिया घात करते. त्यामुळे एकच डंखही पुरतो. पूर्वी डंख झाला तेव्हा काही झाले नव्हते, ही खात्री नव्हे. किंबहुना आधीच्या डंखानेच शरीर संवेदनशील झालेले असते. डंखापासून दूर, सर्वांगावर गांध्या उठणे, ओठ व पापण्या सुजणे, आवाज घोगरा होणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, छातीत घरघर, ओकारी, पोटात कळा, डोळ्यांपुढे अंधारी आणि ‘काहीतरी वाईट होणार’ अशी भीती ही तिची लक्षणे. काही मिनिटांत ती सुरू होतात. ब्रिटनमधील डॉ. पंफ्री यांनी प्राणघातक ॲलर्जीच्या प्रकरणांचा जो अभ्यास 2000 साली प्रसिद्ध केला, त्यात कीटकदंशानंतर श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यमान काळ अवघा 15 मिनिटांचा आढळला होता.

तिसरी पायरी अनेक डंखांची. येथे ॲलर्जी नसली तरी विषाची एकूण मात्राच घातक ठरते. तिने स्नायू व रक्तपेशी फुटतात, त्यातील द्रव्ये मूत्रपिंडात साचतात आणि मूत्रपिंडे काम थांबवतात. ही पायरी फसवी आहे. रुग्ण पहिल्या दिवशी चालत-बोलत घरी असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी होते, कमी होते, अंग सुजते. भारतातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. 2013 साली चीनच्या शान्शी प्रांतात मोठ्या गांधीलमाश्यांच्या हल्ल्यांत 40 हून अधिक माणसे दगावली आणि दीड हजारांहून अधिक जखमी झाली. त्यांतील कित्येकांना डायलिसिसवर ठेवावे लागले होते. समाधानाची बाब एवढी की, वेळेवर द्रव, तपासण्या आणि गरजेनुसार डायलिसिस मिळाल्यास ही मूत्रपिंडे बहुधा काही आठवड्यांत पूर्ववत होतात.

घरी काय करावे, काय करू नये

साधा डंख असेल तर जागा साबणाने धुवावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, अंगठ्या व बांगड्या सूज चढण्यापूर्वी काढाव्यात. मधमाशीचा काटा दिसल्यास तो कसाही, परंतु ताबडतोब काढावा. चुना, रॉकेल, चिखल, लोखंड घासणे, जागा चिरणे, वर दोरीने आवळणे यांतून विष उतरत नाही, जखम मात्र दूषित होते. धनुर्वाताच्या लसीची मुदत तपासावी.

दुसऱ्या पायरीची लक्षणे दिसताच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. रुग्णास आडवे झोपवून पाय उंच करावेत. दम लागत असेल तर बसवावे, पण चक्कर येत असताना उभे करू नये, चालवू नये. वाहनापर्यंत त्याला उचलून न्यावे. खाजेची गोळी देऊन ‘उतरेल हळूहळू’ म्हणत वाट पाहू नये. ती गोळी खाज कमी करते, घसरणारा रक्तदाब सावरत नाही. दहाहून अधिक डंख झालेला प्रौढ, चार-पाच डंख झालेले मूल, वृद्ध, गरोदर स्त्री किंवा मूत्रपिंडाचा वा हृदयाचा रुग्ण यांना बरे वाटत असले तरी रुग्णालयात दाखवावे आणि पुढील तीन दिवस त्यांच्या लघवीच्या रंगाकडे व प्रमाणाकडे लक्ष ठेवावे.

प्रतिविष नाही, पण औषध आहे

साप आणि विंचू यांच्या विषावर प्रतिविष मिळते. मुंबईतील हाफकिनने या क्षेत्रात दीर्घकाळ कार्य केले आहे. गांधीलमाशीच्या विषावर असे प्रतिविष उपलब्ध नाही. म्हणून अनेकजण ‘मग डॉक्टर काय करणार’ असे समजून घरीच थांबतात. हा गैरसमज दूर व्हावयास हवा. तीव्र ॲलर्जीवर प्राण वाचवणारे औषध आहे, आणि ते शंभरहून अधिक वर्षे जुने आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी 1901 च्या सुमारास शुद्ध स्वरूपात वेगळे केलेले ॲड्रेनलिन हेच ते औषध. त्याच काळात, 1902 साली, पोर्तिये आणि शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रपुष्पाच्या विषावरील प्रयोगांतून ॲनाफिलॅक्सिस ही अवस्था जगापुढे मांडली. 1913 चे नोबेल पारितोषिक रिशे यांना त्यासाठीच मिळाले. प्रौढ रुग्णास एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम अशा द्रावणाचा अर्धा मिलिलिटर मांडीच्या बाहेरील स्नायूत देतात. मुलांना वजनानुसार कमी देतात. आवश्यकता वाटल्यास पाच मिनिटांनी पुन्हा देतात. त्यानंतर प्राणवायू, शिरेतून द्रव आणि काही तासांची देखरेख लागते, कारण उतरलेली लक्षणे पुन्हा उसळू शकतात.

साधने मोजकी असली तरी बारकाईने पाहणारा वैद्य काय करू शकतो, याचा आदर्श आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. महाड येथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या ग्रामीण रुग्णांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले. रक्तदाबावरील प्राझोसिन हे सहज मिळणारे औषध त्यावर उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवून दिले. कोकणातील विंचूदंशाचे मृत्यू त्यामुळे मोठ्या प्रमाणात घटले. 2022 साली त्यांना पद्मश्री प्राप्त झाली. विंचवाचे औषध गांधीलमाशीला लागू पडत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पण त्या कार्यातील तत्त्व लागू पडते : योग्य औषध रुग्णाच्या जवळच्या ठिकाणी, योग्य वेळी हाताशी असावे.

अंतर आणि वेळ यांचे गणित

मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँचने पोहोचण्यास पाऊण ते एक तास लागतो, आणि समुद्र खवळला की फेऱ्या बंद राहतात. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या रेल्वेमार्गाचेही उद्घाटन झाले. मोठ्या रुग्णालयांशी आपला संपर्क त्यामुळे निश्चितच सुकर झाला आहे. डायलिसिसची गरज असलेल्या रुग्णासाठी ही मोठीच सोय होय. तथापि ज्याच्याकडे 15 मिनिटे आहेत, त्याला कोणताही सेतू पुरेसा जवळ नसतो. त्याच्यासाठी पहिली सुई गावातच मिळावी लागते.

म्हणूनच आपल्या तातडीच्या कक्षात ॲड्रेनलिनची उपलब्धता आम्ही अत्यावश्यक बाबींत मोजतो. ही कुपी अत्यंत स्वस्त आहे. परंतु स्वस्त वस्तूही सांभाळावी लागते. उजेड आणि उष्णता यांनी हे औषध खराब होते. द्रावण गुलाबी किंवा तपकिरी दिसू लागले की ते टाकून द्यावे लागते. मुदत संपण्यापूर्वी साठा बदलावा लागतो, न वापरलेल्या कुप्या फेकाव्या लागतात. हिशेबाच्या वहीत ही रक्कम वाया गेल्यासारखी दिसते. आमच्या देणगीदारांनी आणि विश्वस्तांनी ती तशी मानू नये. न वापरलेली कुपी म्हणजे वर्षभर दारात उभा असलेला पहारेकरी. तो कामी आला नाही, ही आनंदाची गोष्ट समजावी. त्याचप्रमाणे रात्रपाळीच्या परिचारिकेला लक्षणे ओळखता येणे, मांडीत सुई देण्याचा सराव असणे, प्राणवायूचे सिलिंडर भरलेले असणे या गोष्टींवर देणगीफलक लावता येत नाही. नव्या इमारतीच्या कोनशिलेइतके त्यांचे तेज नसते. तरीही ऐन घटकेला रुग्णाच्या नातेवाइकांना कोनशिला नव्हे, तर भरलेले सिलिंडरच हवे असते.

वाचकांना आमची विनंती अशी. पावसाळा सरताच आपल्या परसाची एक फेरी, कुदळ हाती घेण्यापूर्वी, नुसत्या डोळ्यांनी मारावी. एकट्या माशीला जगू द्यावे, वसाहतीपासून अंतर राखावे आणि अंगावर गांध्या उठून श्वास जड होऊ लागला तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. कापणीला येणाऱ्या मजुरांना आणि सुट्टीत गावी आलेल्या भाचरांनाही हे सांगावे, कारण परसातील बिळांची माहिती सर्वांत कमी असते ती त्यांनाच. यातील ओळख आणि अंतर ही कुटुंबांची जबाबदारी आहे. वेळेचा भार आम्ही आपल्या सर्वांच्या पाठबळावर उचलत आहोत आणि यापुढेही उचलत राहू.